आधी स्वतःला टोचून घेतले : वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र



आमच्या बेळगाव-निपाणी भागात पावसाळा सरून आश्विन-कार्तिकाचा गारवा पडू लागला म्हणजे रविवारच्या उपासनेत खोकल्याचा आवाज वाढतो. कापणीच्या सणाची व नाताळची तयारी याच दिवसांत सुरू होते, आणि याच दिवसांत मंडळीतील कोणी वडीलधारे गृहस्थ किंवा आजीबाई अंथरूण धरतात. साधा ताप म्हणून आठवडा काढला जातो आणि मग छातीत कफ दाटल्यावर इस्पितळाची धावपळ होते.

लहान मुलांच्या लशींविषयी आज आमच्या घरांत पुष्कळ जागृती आहे. कार्ड जपून ठेवले जाते, आशाताई दारावर येऊन आठवण करतात. परंतु मोठ्या माणसांसाठीही लशी आहेत, त्यांपैकी एक दरवर्षी घ्यावी लागते, हे पुष्कळांच्या गावी नसते. ज्यांना ठाऊक असते तेही मागेपुढे पाहतात. कोणी म्हणतात, वय झाले, आता सुई कशाला? कोणाला भीती की टोचल्यानेच ताप येईल. आणि काही भाविकांच्या मनात असा प्रश्न असतो की देव राखणारा असताना सुईचा आधार घेणे म्हणजे विश्वासात उणे पडणे तर नव्हे?

हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्याच पणजोबा-पणजींसमोर ते उभे राहिले होते, आणि तेव्हा साधा खोकला नव्हे तर प्लेग दारात होता. त्या प्रश्नांना ज्या मनुष्याने आपल्या देहाने उत्तर दिले त्यांचे नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईतील परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमुळे हे नाव सर्वांच्या ओठी आहे. परंतु तो मनुष्य कोण होता, हे थोड्यांनाच माहीत असते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

ओदेसाहून पॅरिसला

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरात एका यहुदी कुटुंबात झाला. ओदेसा त्या वेळी रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. त्यांनी ओदेसाच्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे थोर शास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले.

तो काळ यहुदी लोकांस फार कठीण होता. १८८१ साली रशियाच्या बादशहाचा खून झाल्यावर ठिकठिकाणी यहुद्यांच्या घरांवर जमावाने हल्ले केले. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तुकडीत सामील झाले. त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉव्ह यांनी मध्यस्थी केल्यामुळे सुटका झाली. पुढे पदवी मिळाली, विद्वत्ताही होती, परंतु यहुदी असल्यामुळे अध्यापकाची जागा मिळेना. रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीत बाप्तिस्मा घेतला असता तर दार उघडले असते. हाफकिन यांनी तसे केले नाही. नोकरीसाठी धर्म बदलणे त्यांना पटले नाही. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राज्यात एका यहुदी तरुणास असे वागविले गेले, ही गोष्ट आम्ही ख्रिस्ती वाचकांनी खाली मान घालूनच वाचावी अशी आहे.

१८८८ साली त्यांनी देश सोडला. प्रथम ते जिनिव्हास गेले आणि दुसऱ्या वर्षी पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. मेचनिकॉव्ह आधीच तेथे पोचले होते. संस्थेत शास्त्रज्ञाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथपालाची होती, ती हाफकिन यांनी घेतली. दिवसा पुस्तके सांभाळावी आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम होता.

जनावरांवरचे प्रयोग यशस्वी झाले. परंतु सशास जे मानवले ते माणसास मानवेल याची खात्री काय? १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी आपल्या मित्रांस टोचले. हा नियम त्यांनी पुढेही सोडला नाही.

कलकत्त्याच्या वस्तीत

कॉलऱ्याचे माहेरघर म्हणजे त्या काळचा बंगाल. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन हे तेव्हा पॅरिसमध्ये इंग्रजांचे वकील होते. त्यांच्या सूचनेवरून हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. त्यांच्यापुढे दोन अडचणी होत्या. ते वैद्यकीचे डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, म्हणून सरकारी डॉक्टरांपैकी पुष्कळांस ते उपरे वाटत. आणि लोकांस तर सरकारने पाठविलेल्या कोणाही गोऱ्या मनुष्याची सुई म्हणजे संकटच वाटे.

१८९४ साली कलकत्त्याच्या काटालबागान नावाच्या गरीब वस्तीत कॉलरा दिसला. हाफकिन तेथे गेले तेव्हा लोकांनी प्रथम विरोध केला. त्यांनी सक्ती केली नाही. लोकांदेखत स्वतःस टोचून दाखविले. त्यांच्याबरोबर आलेल्या हिंदी डॉक्टरांनीही साथ दिली. मग हळूहळू लोक पुढे आले. वस्तीतील सुमारे २०० माणसांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. नंतर त्या वस्तीत कॉलऱ्याचे १० रोगी झाले व त्यांपैकी ७ दगावले. ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते.

येथे हाफकिन यांच्या कामाची एक रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांनी टोचून घेतले त्यांची नोंद ते ठेवीत आणि ज्यांनी घेतले नाही त्यांचीही ठेवीत. एकाच वस्तीत, एकाच घरात, एकच पाणी पिणाऱ्या माणसांत कोणास रोग झाला व कोणास झाला नाही हे ते मोजून पाहत. लस गुणकारी आहे हे आपण म्हणून भागत नाही, ते मोजून दाखवावे लागते, अशी त्यांची धारणा होती. अशा रीतीने दोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांस टोचले. मलेरियाने प्रकृती ढासळली म्हणून १८९५ साली त्यांना इंग्लंडला जावे लागले. परंतु दुसऱ्याच वर्षी ते पुन्हा हिंदुस्थानात आले.

मुंबईचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावले. ऑक्टोबरात ते आले तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई होते. एवढ्या सामग्रीवर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली.

ती कशी केली हे शब्बाथशाळेतील मोठ्या मुलांना सांगण्याजोगे आहे. मांसाच्या रश्श्यात ते प्लेगचे जंतू वाढवीत. रश्श्यावर तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतूंच्या जाळ्या गुहेच्या छतास लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळ्यांसारख्या खाली वाढत. भांडे हलविले की त्या तळाशी पडत व वर नव्या वाढत. काही आठवड्यांनी सर्व जंतू उष्णतेने मारून टाकीत. म्हणजे लशीत जिवंत रोग नसे. मेलेल्या जंतूंची ओळख शरीरास करून दिली म्हणजे खरा शत्रू आल्यावर शरीर तयार असते, हे त्यामागील तत्त्व होय. रश्श्यासाठी गाईचे वा डुकराचे मांस न वापरता बकऱ्याचे वापरले जाई. कोणाच्या धर्मभावनेस धक्का लागू नये याचा त्यांनी एवढा विचार केला होता. ज्याच्या स्वतःच्या लोकांचा धर्मासाठी छळ झाला त्यास ही जाणीव असणे स्वाभाविकच होते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःस टोचून घेतली, आणि पुढे सर्वसाधारण माणसास दिली त्याहून अधिक मात्रेत घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपुढे लस ठेवण्यात आली. सुमारे अर्ध्या कैद्यांनी ती राजीखुषीने घेतली. पुढील दिवसांत न टोचलेल्यांत रोग व मृत्यू स्पष्टपणे अधिक झाले. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः टोचून घेतले. त्यांचे वय तेव्हा एकोणीस होते. त्यांचे पाहून हजारो खोजांनी टोचून घेतले. हाफकिन यांच्या कामासाठी आगाखानांनी आपला बंगलाही दिला.

त्याच वर्षी पुण्यात काय चालले होते ते वाचकांस माहीत आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. सरकारने सक्तीचा मार्ग धरला. सोजीर घराघरांत शिरून झडत्या घेत, माणसांना छावणीत नेऊन ठेवीत. पुण्याच्या प्लेग-इस्पितळातील गैरव्यवस्थेविरुद्ध आमच्या पंडिता रमाबाईंनी निर्भयपणे वर्तमानपत्रात लिहिले. लोकांचा संताप एवढा वाढला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळी झाडली.

सक्ती व लस या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकच झाल्या होत्या. हाफकिन यांचा मार्ग मात्र निराळा होता. ज्याला समजले व पटले त्याने घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. बडोदे संस्थानातील उंधेरा गावी १८९८ साली त्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना टोचले व निकाल सर्वांपुढे ठेवला. एकाच चुलीवर जेवणाऱ्यांत टोचलेले वाचले व न टोचलेले अधिक दगावले, हे गावाने स्वतः पाहिले.

बेळगाव, धारवाड व हुबळी

रेल्वेच्या व बैलगाड्यांच्या वाटेने प्लेग आमच्या भागात आला. घरात उंदीर पडू लागले म्हणजे गाव सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे, ही रीत आमच्या जुन्या माणसांच्या आठवणींत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. १८९७ च्या अखेरीस बेळगावच्या छावणीत २६ व्या मद्रास पायदळ पलटणीतील शिपायांनी व त्यांच्या कुटुंबांनी मोठ्या संख्येने हाफकिन यांची लस टोचून घेतली. लशीचा गुण दाखविणारी जी उदाहरणे हाफकिन पुढे जगापुढे मांडीत त्यांत बेळगावची ही पलटण होती.

यानंतर १८९८ साली पावसाळ्यात हुबळीस रोगाने थैमान घातले. शहराची वस्ती सुमारे पन्नास हजार. तेथे डॉ. लॉयमन व त्यांचे सहकारी यांनी टोचणीचे मोठे काम उभारले. त्यांत कॉर्थॉर्न नावाच्या एक डॉक्टरीणबाईही होत्या. टोचल्याचा दाखला असलेल्यास छावणीत डांबण्यापासून सूट मिळे, हेही लोक पुढे येण्याचे एक कारण होते. काही महिन्यांत पस्तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले. धारवाड व गदग येथेही असेच काम झाले.

सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने १८९८-९९ मध्ये ठिकठिकाणचे पुरावे तपासले. एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर हे त्याचे अध्यक्ष होते. कमिशनचा निर्णय मोजूनमापून दिलेला होता. टोचल्याने रोग होण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते व रोग झालाच तर मरणाचे प्रमाणही कमी होते, परंतु पूर्ण अभय मिळत नाही, असे त्यात म्हटले होते. शिवाय हे संरक्षण काही महिनेच टिके. म्हणून पुढच्या हंगामात पुन्हा टोचून घ्यावे लागे.

आमच्या भागात प्लेगचा हंगाम ठरलेला असे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तो डोके वर काढी व दिवाळीच्या सुमारास जोरात असे. १९०८ व १९०९ साली प्लेगच्या संशोधकांनी बेळगावात मुक्काम करून उंदीर, पिसवा व हवामान यांचा अभ्यास केला. उंदरांवरील पिसवांतून रोग माणसांत येतो हे तोवर सिद्ध झाले होते. हंगाम ठरलेला असल्यामुळे शहाणी माणसे आधीच टोचून घेत. घरात उंदीर पडल्यावर धावणाऱ्यास लशीचा पुरता उपयोग होत नसे, कारण अंगात शक्ती येण्यास काही दिवस लागतात.

मुलकोवालची बाटली

ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. जेथे पूर्वी गव्हर्नर राहत तेथे आता लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. हाफकिन यांची कीर्ती शिखरास पोचली असतानाच त्यांच्यावर मोठे संकट आले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती. काही दिवसांत त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला व ते सर्व मरण पावले. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांना तसे काही झाले नाही. एकोणीस घरांवर कोसळलेले हे दुःख लहान नव्हते. जे रोग टाळण्यासाठी पुढे आले तेच टोचणीने गेले. पंजाबात टोचणीचे काम मागे पडले, आणि प्लेग तर वाढतच होता.

चौकशी नेमण्यात आली. बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असा तिचा निष्कर्ष निघाला. लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी थोडा बदल केला होता. तो बदल शास्त्रास धरून होता, तरी त्यावरच बोट ठेवण्यात आले. हाफकिन यांना कामावरून दूर केले गेले. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. ज्या माणसाने लाखोंचे प्राण वाचविले त्याच्यावर एकोणीस जणांच्या मृत्यूचा डाग लागला.

परंतु चौकशीच्या कागदांतच एक गोष्ट नोंदलेली होती. मुलकोवाल येथे ती बाटली उघडण्याआधी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट न उकळता, औषधी पाण्यात बुडवून तसाच वापरण्यात आला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंधी आली नव्हती, अशीही साक्ष होती. मुंबईहून निघतानाच ती दूषित असती तर इतक्या दिवसांत तिला दुर्गंधी सुटली असती. म्हणजे दोष गावातच, त्या चिमट्यामुळे शिरला. मलेरियावरील शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविलेले रोनाल्ड रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना दोषमुक्त केले.

पाच वर्षे गेली होती. परळची त्यांची जागा दुसऱ्यास दिली होती. १९०८ साली ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण कलकत्त्यास, आणि मनासारखे काम त्यांना तेथे करता आले नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात परतले. या सर्व प्रकरणात त्यांनी कोणाविरुद्ध सूड धरला असे दिसत नाही.

लशीविषयी बोलताना मुलकोवाल झाकून ठेवू नये असे आमचे मत आहे. चुका घडतात. त्या घडल्या म्हणजे लपवाव्या की तपासाव्या, हा खरा प्रश्न आहे. मुलकोवालचा तपास शेवटास गेला म्हणून आपणास कळले की दोष लशीचा नव्हता, उघड्या मातीत पडलेल्या चिमट्याचा होता. आज प्रत्येकास नवी, बंद पाकिटातील सुई मिळते. टोचणाऱ्याने पाकीट आपल्यासमोर फोडावे असे म्हणण्याचा आपणास हक्क आहे, आणि तसे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही.

शेवटची वर्षे

हाफकिन यांनी विवाह केला नाही. उतारवयात ते आपल्या पूर्वजांच्या धर्माचे नियम अधिकच निष्ठेने पाळू लागले. शब्बाथ, प्रार्थना व अन्नाचे नियम यांत त्यांनी खंड पडू दिला नाही. १९१६ साली त्यांनी सनातन यहुदी धर्माच्या समर्थनार्थ एक लेख लिहिला. शेवटी ते स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहिले. तेथे १९२९ साली त्यांनी आपली संपत्ती पूर्व युरोपातील यहुदी धर्मशाळांतील विद्यार्थ्यांसाठी एका निधीत ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी ते निवर्तले.

१९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. पुढे आमच्या मुलांना मिळालेले पोलिओचे थेंबही परळच्या त्याच आवारात तयार झाले. १९६४ साली भारत सरकारने हाफकिन यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

आपल्यासाठी बोध

आता आरंभीच्या प्रश्नांकडे येऊ.

विश्वासाचा प्रश्न प्रथम घेऊ. हाफकिन हे देवभीरू गृहस्थ होते. शब्बाथ पाळणारा आणि आपल्या विश्वासासाठी नोकरीवर पाणी सोडणारा हा मनुष्य लस करीत होता व स्वतः घेत होता. देवाने दिलेल्या बुद्धीचा उपयोग शेजाऱ्याचा प्राण वाचविण्यासाठी करणे यात त्यांना विश्वासाशी विसंगत असे काही दिसले नाही. आम्हांसही दिसत नाही. आपण रात्री प्रार्थना करून निजतो, आणि दाराला कडीही लावतो.

दुसरा प्रश्न तापाचा. हाफकिन यांच्या लशीने एक-दोन दिवस चांगलाच ताप येई व हात सुजे, तरी आमच्या पूर्वजांनी ती घेतली. आज मोठ्या माणसांसाठी जी हंगामी लस आहे ती फ्लूची, म्हणजे इन्फ्लुएंझाची. टोचून द्यावयाच्या या लशीत जिवंत विषाणू नसतो, म्हणून तिने फ्लू होत नाही. दंड दुखणे, अंग कसकसणे, थोडा ताप येणे हे एक-दोन दिवसांत जाते. टोचल्यावर दोन आठवड्यांनी अंगात शक्ती येते. फ्लूचे विषाणू रूप बदलीत असतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत कोणते प्रकार घ्यावेत ते ठरविते, व लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. ती घेतल्यावरही फ्लू होऊ शकतो, परंतु इस्पितळात जाण्याची पाळी येण्याचा धोका कमी होतो. फ्रेझर कमिशनने प्लेगच्या लशीविषयी जवळजवळ हेच सांगितले होते.

आपल्या देशात फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास डोके वर काढतो. म्हणून पावसाळ्याआधी किंवा तो चुकल्यास दसरा-दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांस विचारावे. साठी-पासष्टी ओलांडलेले, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि रोग्यांची शुश्रूषा करणारे यांनी तर अवश्य विचारावे. न्यूमोनियाची लस निराळी असते व ती दरवर्षी घ्यावी लागत नाही. धनुर्वाताची मात्रा मोठ्यांनीही दहा वर्षांनी पुन्हा घ्यावयाची असते. शेतात व बांधकामावर काम करणाऱ्यांनी तर ती विसरू नये. पूर्वी एखाद्या लशीने अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल, किंवा त्या दिवशी चांगलाच ताप असेल, तर तसे आधी सांगावे. फ्लूची लस मोठ्यांना बहुतेक ठिकाणी पैसे देऊन घ्यावी लागते. मंडळीतील एखाद्या विधवा आजींना तो खर्च झेपत नसेल तर दानपेटीतील थोडी रक्कम त्या कामी लावणे पंचांना अवघड नाही.

तिसरा मुद्दा वयाचा. वय झाले म्हणून सुई नको, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की फ्लू सर्वांत जास्त म्हाताऱ्यांनाच भोवतो. ज्यांना लशीची गरज अधिक तेच तिला नको म्हणतात, असे पुष्कळदा घडते.

बेळगावात टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो सर्वांस ठाऊक आहे. तेथे एके काळी देवीची लस तयार होत असे, आणि तो देवी रोग आज पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. सकाळी तेथे फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठ बंधुभगिनींनी ते नाव वाचून क्षणभर हा विचार करावा.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस आमची सूचना अशी : मुलांना ही गोष्ट सांगा आणि घरी जाऊन आजी-आजोबांना सांगावयास लावा. काटालबागानमध्ये लोक का घाबरले, हाफकिन यांनी त्यांच्यावर सक्ती का केली नाही, मुलकोवालच्या बाटलीत दोष कोठून आला, असे प्रश्न विचारा. मुले विचार करून उत्तरे देतील.

पाळक व मंडळीचे वडील यांस विनंती अशी : कापणीच्या सणाआधी एखाद्या रविवारी उपासनेनंतर गावातील डॉक्टरांस बोलवावे. त्यांना शंका मोकळेपणे विचाराव्या. कोणावर दडपण आणू नये, कोणास हसू नये. ज्यांना पटेल ते घेतील. आणि जे इतरांस सांगणार आहेत त्यांनी हाफकिन यांची रीत पाळावी. आधी आपण आपली बाही वर करावी, मग शेजाऱ्यास सांगावे.